न प्यायलेल्या दारूची शपथ

माझा धाकटा भाऊ दारुडा आहे, हे आमच्या अख्ख्या गास गावाला माहीत होतं. चर्चच्या कट्ट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना माहीत होतं, मासळीवालीला माहीत होतं, ज्यांच्या घरी त्याने कधी चहासुद्धा घेतला नव्हता त्यांनाही माहीत होतं. अडचण एवढीच होती की तो दारू पीत नव्हता.

आता तो नाही, त्यामुळे माझ्याशी कुणी वाद घालत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणून लोक माझ्यासमोर मान डोलावतात. त्या माना बघितल्या की अजून माझं डोकं फिरतं.

तो वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात कामाला होता. कुलपांचे, कड्याकोयंड्यांचे सुटे भाग तिथे यायचे. त्यांना मुलामा द्यायच्या आधी त्यांच्यावरचं तेल काढावं लागतं, आणि ते काढायचं काम माझ्या भावाचं. एका टाकीत रसायन तापत असायचं. जाळीच्या टोपलीत भाग भरायचे, टोपली वाफेत सोडायची, थोड्या वेळाने वर ओढायची, की माल कोरडा आणि चकचकीत. पिंपावर त्या रसायनाचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण गाळ्यात सगळे त्याला 'ट्राय' म्हणायचे. दिसायला पाणी, वास गोडसर. टाकीपाशी पंखा लावायचा नाही, कारण पंख्याने वाफ उडते आणि पिंप लवकर संपतं. सुट्टी व्हायच्या आधी हाताचं ग्रीससुद्धा ट्रायनेच पुसायचं, पँटवरचे डागही त्यानेच काढायचे. मी शिक्षिका, माझ्या शाळेच्या साड्यांवर शाईचे डाग असतात म्हणून तो मला एक बाटली भरून आणून देणार होता. नशीब माझं, विसरला.

तो विसरायचा फार. पूर्वी असा नव्हता. मी एव्हरशाईन सिटीत राहते, गाळ्यापासून रिक्षाने जवळ. सुटल्यावर तो रोज आधी माझ्याकडे यायचा. आल्या आल्या शर्ट काढून गॅलरीतल्या दोरीवर टाकायचा आणि बनियनवर तिथेच खुर्ची ओढून बसायचा. डोळे लाल, चाल जरा सैल, बोलणं जड. मी चहा द्यायची. चहा होईपर्यंत डोकं धरून बसायचा, मग हळूहळू माणसात यायचा आणि माझ्या मुलीची चित्रकलेची वही बघायला मागायचा. वास थोडा उडाला की माझ्याकडे ठेवलेला दुसरा शर्ट घालून गासला आईकडे जायचा. आईला तो वास सहन होत नाही म्हणून ही सगळी कसरत.

आईला ते कसं दिसत होतं, तेही सांगायला हवं. आमचे वडील दारूने गेले. घरात लाल डोळे आले, तोल गेलेली पावलं आली, गोडसर वास आला, की पुढे काय येतं हे आईने आमच्या लहानपणी रोज बघितलं होतं. वडिलांना पुरलं त्या दिवशी माझा भाऊ जेमतेम मिसरूड फुटलेला होता. कबरीवर माती टाकताना तो आईला म्हणाला होता, मी कधी पिणार नाही. आईने त्या वाक्यावर पुढची सगळी वर्षं काढली. आणि मग तोच मुलगा तिच्या दारात लाल डोळ्यांनी उभा राहायला लागला.

"बहिनीकडे उतरवून येतो," ती शेजारणीला सांगायची. "दारूचा वास मारायला कसलं ते केमिकल लावतो. नवऱ्याचं बघितलंय मी, मला नका शिकवू."

आई आगरातल्या भातशेतीच्या गावची, 'ण' तिच्या जिभेवर कधी बसला नाही. बाकी तिच्या जिभेला काही जड जात नव्हतं. आई जे शेजारणीला सांगायची ते संध्याकाळपर्यंत गावाला कळायचं. भावाचं एक लग्न ठरता ठरता मोडलं ते यावरूनच. मुलीकडचे लोक भले होते, त्यांनी कारण सांगितलं नाही, नुसतं 'योग नाही' म्हणाले. त्याने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. त्या आठवड्यात तो माझ्याकडे आला की गॅलरीतून आत येतच नव्हता.

मग माझ्या मुलीचा पहिला कम्युनियन, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा सोहळा, आला. घरी जेवण, केक, आईने स्वतः घातलेली द्राक्षांची वाइन. मुलीचा मामा म्हणून टोस्ट त्याने द्यायचा होता. दोन शब्द फार गोड बोलला. मग मान राखायचा म्हणून ग्लासातला एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. बघता बघता त्याचा चेहरा पेटला. गाल, कान, मान, सगळीकडे लाल चट्टे उठले, जणू कुणी खाजकुयली लावली. माझ्या सासूने नजर फिरवली. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच.

एका घोटाने कुणाचं असं होत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणजे आधीपासून पोटात असणार, असा हिशेब सगळ्यांनी केला. ज्याने उभ्या आयुष्यात तेवढाच एक घोट घेतला, तो त्या घोटानेच पकडला गेला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याच्या चपला त्याला होईनाशा झाल्या. सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या, लघवीला फेस. आई म्हणाली, उष्णता आहे, आणि वाडीतली शहाळी सोलून त्याच्यापुढे ठेवायला लागली. गावातल्या डॉक्टरने विचारलं, "पिता का?" भाऊ नाही म्हणाला, आणि बाजूला बसलेली आई म्हणाली, "पितो." नालासोपाऱ्याच्या डॉक्टरने तेच विचारलं. भाऊ तेच म्हणाला, आई तेच म्हणाली. डॉक्टर म्हाताऱ्या आईवर विश्वास ठेवतात. मीही ठेवला असता, समोरची बाई माझी आई नसती तर.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मी एकटी त्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा वेगळा प्रश्न विचारला. "काम काय करता?" तो सांगायला लागला आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. टाकी उघडी असते का, हात थेट घालता का, पंखा का नाही, असं विचारत राहिल्या. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत. असल्या द्रावणांच्या वाफा वर्षानुवर्षं घेतल्या तर किडनीला इजा होते, आणि किडनी आधीच आजारी असेल तर आजार वेगाने पुढे जातो. "याच एका कारणाने झालं असं छातीठोक मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण आता त्या टाकीजवळ पुन्हा उभे राहू नका." शहाळ्यातलं पोटॅशियम अशा किडनीला झेपत नाही, म्हणून ती त्यांनी ताबडतोब बंद करायला लावली.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यांना वाइनच्या घोटाचं विचारलं. त्या म्हणाल्या, या रसायनात काम करणाऱ्या माणसाने थोडी जरी दारू घेतली तरी चेहरा असा लाल होऊ शकतो. न पिणाऱ्याचाही होतो. भाऊ हे ऐकत होता. आजाराचं ऐकून तो रडला नव्हता, हे ऐकून रडला.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"डॉक्टरनीला हे तू बोलायला लावलंस," ती म्हणाली.

नवी किडनी बसवायची तर घरातल्या माणसाची हवी. बाळंतपणापासून मला साखरेचा आजार, माझी चालणार नव्हती. राहिली आई. साठी नुकतीच गाठलेली, विहिरीवरून अजून दोन घागरी एका दमात आणणारी, रक्तगटही जुळणारी. तोवर भावाचं डायलिसिस सुरू झालं होतं, मानेत नळी घालून. आठवड्यातून तीनदा वसईच्या एका सेंटरला जायचं, मशीनला लागून पडायचं, आणि भिजलेल्या पोतेऱ्यासारखं होऊन घरी यायचं. आई ते सगळं बघत होती. त्याच्या ताटातलं मीठ तोलत होती, पाण्याचा पेला अर्धा भरून देत होती. प्रेम नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

पण किडनीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देते. एक सोडून दोन देते. पन आधी त्याने फादरसमोर, वेदीपुढे शपथ घ्यायची. दारू सोडली म्हनून. माझ्या पोटचं काढून परत दारूत घालायला मी देनार नाय."

भाऊ खाटेवर बसला होता. म्हणाला, "आई, जे मी करत नाही ते सोडू कसं?"

"बघ," आई मला म्हणाली. "अजून कबूल करीत नाय."

मी त्या दिवशी दोघांवर इतकी चिडले की चहाचा कप तसाच टाकून बसस्टॉपवर आले. नंतर मात्र मी भावाच्या मागे लागले. डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून त्याला म्हणायची, अरे, बोल की खोटं. चार शब्द आहेत. त्या शब्दांनी तुझा जीव वाचणार आहे. तो भिंतीकडे तोंड करायचा. लहानपणापासून हा असाच. शाळेत एकदा दुसऱ्याने फोडलेली काच 'मी फोडली' म्हणायला लावली तर दिवसभर उन्हात उभा राहिला, पण म्हणाला नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आता तोच हट्ट बघून त्याला गदागदा हलवावंसं वाटायचं.

"ताई," तो एकदा म्हणाला, "मी हो म्हटलं तर आईला वाटेल, इतकी वर्षं तिचं बरोबर होतं. मग मी मेल्यावरही पिणाराच राहीन."

"तू मरणार नाहीस, म्हणून तर सांगतेय," मी म्हणाले.

तो हो म्हणाला, पण माझ्यामुळे नाही. त्याला मशीनला लागल्या लागल्या एकदा फार जोरात पेटके आले. आई पायाशी बसून त्याचे पाय दाबत होती, आणि तोंडाने मरियेचा धावा करत होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "आई, घेतो शपथ. जा, सांग फादरला."

रविवारच्या मिस्सेनंतर, चर्चमधली प्रार्थना संपल्यावर, तो वेदीपुढे गुडघे टेकून बसला. मानेतल्या नळीवर पांढरी पट्टी. फादरना मी आधी सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला समजावलं होतं की अशी शपथ ते मागणार नाहीत, पण माणूस स्वतः घेतो म्हणाला तर अडवणारही नाहीत. भाऊ स्पष्ट आवाजात म्हणाला, "आजपासून मी दारूला शिवणार नाही." मागे रेंगाळलेल्या चार बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आई पदरात तोंड लपवून रडत होती, आणि ते रडणं सुखाचं होतं. इतकी वर्षं मी तिला एवढी हलकी झालेली बघितली नव्हती. चर्चच्या बाहेर तिने त्याच्या गळ्यात स्वतःचं मरियेचं पदक घातलं आणि शेजारणीला सांगितलं, "सुटला माझा पोर."

रिक्षात तो माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "लोक खरोखरची दारू सोडतात तेव्हा त्यांना असंच वाटत असेल का गं, काहीतरी हातचं गेल्यासारखं?" आणि हसला. मी हसले नाही.

पुढच्या शनिवारी तो कुमसारला गेला. पापनिवेदनात काय सांगितलं ते मी विचारायला नको होतं, पण त्यानेच सांगितलं. देवापुढे खोटी शपथ घेतली, असं सांगून आलो. एकीकडे शपथ आणि एकीकडे तिची क्षमा, दोन्ही एकाच चर्चमध्ये, एकाच आठवड्यात. तेव्हा कुठे त्याला झोप लागायला लागली.

आईच्या तपासण्या सुरू झाल्या. तिला मी मुंबईला घेऊन जायची. नवी नऊवारी नेसून, केसांत वाडीतल्या मोगऱ्याचा गजरा माळून ती रक्त द्यायला निघायची, लग्नाला निघाल्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवून समजावलं की बहुतेक डावी किडनी काढतील. परतताना ती सारखी डाव्या बरगडीखाली हात धरून बसली होती. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाली, "नाय. सांगतेय तिला, नीट राह्य, मोठ्या कामाला जायचंय."

शेवटच्या दोन तपासण्या राहिल्या होत्या तेव्हा भावाला थंडी वाजून ताप भरला. मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेले, असं सांगितलं. आम्ही त्याला दाखल केलं. आई बाहेरच्या बाकावर बसून नर्सला सांगत होती, आजच काढा माझी, मी जेवलेली नाय. नर्सने तिला पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. आईने दिलेलं पदक नर्सने माझ्या हातात ठेवलं.

पुरताना गावातला एक जण माझ्या मागे हळूच म्हणाला, शेवटी सोडली होती बरं का, पण उशीर झाला. मी मागे वळून त्याच्याकडे बघितलं तेवढंच. तिथे आई होती.

तो जाऊन महिना झाला, त्या मिस्सेला आईने घरी जेवण ठेवलं होतं. पंगत उठत आली होती तेव्हा दारात एक गृहस्थ आले. सोपाऱ्याचे, मुसलमान, वयाने पन्नाशीपुढचे, पांढरी दाढी, डोक्याला टोपी. गाळ्यात ते भावाच्या जोडीला टाकीवर होते, आता एकटेच सांभाळत होते. पाळी सुटल्यावर तसेच आले होते. मी त्यांना ओळखत होते, आई नव्हती. ते उंबरा चढताना अडखळले, चौकटीला धरून उभे राहिले. डोळे लाल होते. आई त्यांच्याजवळ गेली आणि थांबली.

मला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी तो वास आला. म्हणजे आईलाही आला.

"माझ्या पोराच्या मिस्सेला पिऊन आलात?" आई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

त्यांनी दोन्ही कानांना हात लावला. राग आला नाही त्यांना. "नाही हो, आई. आमच्यात हराम आहे. पाच वेळा नमाज पढणारा माणूस मी, जिभेला कधी लागली नाही." मग त्यांनी स्वतःच्या शर्टाची बाही नाकाशी नेली आणि ओशाळले. "हे ट्राय आहे. टाकीचा वास. अंगातच भिनतो, साबणाने जात नाही. संध्याकाळी डोकंही धरतं, पाय असे होतात. तुमचा मुलगा बहिणीकडे शर्ट वाळवून यायचा ना, तो मला म्हणायचा, तुम्हीपण तसं करा, घरच्यांना त्रास नको. माझ्या घरी गॅलरी नाही."

आईने पुढे होऊन त्यांची बाही हातात धरली. परक्या पुरुषाची. वाकून तिने वास घेतला, मग पुन्हा घेतला. पंगतीतले लोक हात तसेच ठेवून बघत होते. आत जाऊन तिने त्यांच्यासाठी पाट मांडला, काय काय चालतं ते त्यांना विचारून विचारून वाढलं, आणि ते जेवेपर्यंत समोर बसून राहिली. निघताना त्यांना एवढंच म्हणाली, "लघवी तपासून घ्या. आजच."

सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "तू सांगत होतीस."

"हो."

"तोही सांगत होता."

"हो, आई."

मला इतकी वर्षं वाटायचं की हा दिवस आला की मी तिला काय काय सुनावेन. पाठ करून ठेवलं होतं सगळं. पण ती इतकी लहान दिसत होती.

त्यानंतर तिने गावात घरोघर जाऊन सांगितलं. मासळीवालीला सांगितलं, कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, माझा पोर पीत नव्हता. लोक मान डोलावतात आणि म्हणतात, सोडली होतीच ना त्याने, आम्ही ऐकलं. त्याने वेदीपुढे शपथ घेतली होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती शपथ तिनेच घ्यायला लावली होती. आता ती कशी पुसायची, हे तिने फादरना विचारलं.

हल्ली मी शनिवारी तिच्याकडे राहायला जाते. मागच्या खेपेला अंथरूण घालताना तिने विचारलं, "कुठली काढनार होते गं माझी?"

"डावी," मी म्हणाले. तिला ठाऊक होतं. तरी विचारलं.

"दोन्ही राहिल्या बघ माझ्याकडेच," ती म्हणाली.

मग ती उजव्या कुशीवर वळली. पूर्वी ती डाव्या कुशीवर झोपायची. आता त्या बाजूवर भार देत नाही.